लग्नाला हरकत कोणाची? मराठी प्रेमपट लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीत हलकेफुलके प्रेमपट लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि त्यांत पैसे घालणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या क्षेत्रातली नाही. नाशिकमध्ये एका वधू-वर सूचक मंडळाचे काम पाहते. आलेले फॉर्म तपासायचे, परिचय मेळाव्याच्या दिवशी माईक चालतो की नाही ते बघायचे, आणि मुलाकडच्यांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितले त्याचा अर्थ मुलीच्या आईला हळू आवाजात समजावून द्यायचा, हा माझा उद्योग. म्हणजे पाहायला गेले तर तुमचा आणि माझा धंदा एकच. दोन माणसे एकत्र आणायची आणि मधला अडथळा दूर करायचा. तुमचे दोन तासांत जमते, आमच्याकडे कधीकधी दोन वर्षे जातात.

या धंद्यामुळे एक खोड लागली आहे. प्रेमपट पाहताना माझे लक्ष नायक-नायिकेकडे कमी आणि त्यांच्यामध्ये जे येते त्याकडे जास्त असते. दोघांचे जमणार हे तर पोस्टरवरच ठरलेले असते. जमेपर्यंत त्यांना कोण अडवते, कशावरून अडवते आणि शेवटी ते कसे बाजूला होते, हे पाहिले की तो सिनेमा कोणत्या काळातला ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यातही विनोदी प्रेमपटाची एक गंमत आहे. ज्या अडथळ्यावर लोक थिएटरात बसून हसू शकतात, तो त्यांनी मनातून सोडायला घेतलेला असतो. ज्यावर हसता येत नाही, तो अजून शाबूत असतो. हे पत्र त्या शाबूत राहिलेल्या अडथळ्याबद्दल आहे, पण तिथे यायला थोडा वेळ लागेल. आधी तुमच्या पूर्वसुरींचे कौतुक करू द्या.

1938 सालचा ‘ब्रह्मचारी’ घ्या. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, लेखणी आचार्य अत्र्यांची. औदुंबर नावाचा तरुण एका देशभक्ताचे भाषण ऐकतो, ब्रह्मचर्याची शपथ घेतो, घरातल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो आणि आश्रमात दाखल होतो. मग किशोरी त्याच्या आयुष्यात येते. मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याच्या पोशाखात म्हटलेल्या गाण्याची चर्चा अजून संपलेली नाही, तेव्हा त्याबद्दल मी आणखी काही बोलत नाही. मला नवल वाटते ते अडथळ्याचे. तो बापाच्या रूपात उभा नाही, पैशाच्या रूपात नाही, तो नायकाच्या डोक्यात आहे. देशकार्य करायचे तर बाईपासून दूर राहिले पाहिजे, ही त्या पिढीची मोठी गंभीर समजूत होती. अत्र्यांनी तिची यथेच्छ टिंगल केली. त्यात किशोरी पुढाकार घेते आणि औदुंबर पळ काढतो. पुढची कित्येक वर्षे मराठी नायिकेच्या वाट्याला एवढा पुढाकार फारसा आला नाही, हेही नोंदवून ठेवते.

मग स्वातंत्र्य आले आणि अडथळा खिशात गेला. ‘लाखाची गोष्ट’ 1952 सालची. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके ही त्रयी. एक चित्रकार आणि एक कवी, दोघेही कफल्लक, आणि मुलीचा बाप श्रीमंत. तो म्हणतो, हे घ्या लाख रुपये, महिन्याभरात खर्च करून दाखवा. त्या काळी महिन्यात लाख रुपये संपवणे ही अशक्य कोटीतली गोष्ट होती, म्हणून त्यावर सिनेमा उभा राहिला. (आता तेवढ्यात हॉलचे डेकोरेशन उरकत नाही, ही माझी धंद्यातली माहिती.) इथला बाप खलनायक नाही. त्याला जावयाची परीक्षा घ्यायची आहे, आणि ती घेण्याचा हक्क त्याला आहे असे प्रेक्षकांनाही वाटते. प्रेम करायला त्याची ना नाही. पैसा म्हणजे काय ते कळल्याशिवाय प्रेम करू नका, एवढेच त्याचे म्हणणे. नव्या देशातल्या मध्यमवर्गाला तेव्हा याहून मोठी काळजी नव्हती.

यानंतरचा अडथळा मात्र फार चिवट निघाला. तो म्हणजे जागा. 1970 साली राजा ठाकूर यांनी ‘मुंबईचा जावई’ केला. नवे जोडपे, मुंबईतले छोटे बिऱ्हाड, भरलेले घर, आणि दोघांना दोन शब्द बोलायला कोपरा नाही. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला, म्हणजे हे दुखणे एकट्या मराठी माणसाचे नव्हते. ‘मुंबईचा जावई’मध्ये लग्न आधीच झालेले आहे. कायद्याची, धर्माची, नातेवाइकांची सगळ्यांची परवानगी मिळाली आहे, फक्त दार लावून घ्यायला खोली नाही. पडद्यावर नवराबायकोच्या शरीराच्या गरजेबद्दल इतक्या सभ्यपणे आणि इतके उघड बोलणारा मराठी सिनेमा त्याआधी मला आठवत नाही. शेवटी उत्तर काय मिळते? माणसे चांगली आहेत, जीव लावतात, तेव्हा अडचण सोसू या. एकत्र कुटुंब जिंकते.

‘अशी ही बनवाबनवी’त, 1988 साली, पुन्हा तेच. जागा नाही. फक्त आता चाळीऐवजी पुण्यातला बंगला आणि नवविवाहितांऐवजी चार सडे तरुण. मालकीणबाईंची अट अशी, की जागा जोडप्यांनाच मिळेल, आणि म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. मूळ कल्पना 1966 सालच्या ‘बीवी और मकान’ची, पण वसंत सबनिसांनी ती अशी मराठी करून टाकली की आज लोकांना मूळ सिनेमा माहीतही नसतो. या सिनेमाबद्दल सगळे बोलून झाले आहे, तरी एक गोष्ट सुटते. अश्विनी भावेंची माधुरी ही दुकानाची मालकीण आहे आणि अशोक सराफांचा धनंजय तिच्याकडे नोकरीला आहे. पगार ती देते. आणि या गोष्टीचा सिनेमात कुठेही बाऊ नाही, धनंजयच्या पुरुषार्थाला कुठे ओरखडा नाही. तीन वर्षांनी, 1991 साली, ‘माहेरची साडी’ आला आणि अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायका रुमाल घेऊन थिएटरात गेल्या. एकाच काळात पडद्यावर एक बाई पगार देत होती आणि दुसरी छळ सोसत होती, आणि दोघींनाही तुफान गर्दी होती. समाज एका रेषेत पुढे जातो असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोन सिनेमे लागोपाठ पाहावेत.

मधल्या दादा कोंडक्यांना मी टाळते आहे असे समजू नका. त्यांच्यावर लिहायचे तर वेगळे पत्र लागेल. इतकेच म्हणते, की जे सभ्य मराठी सिनेमा पडद्याआड ठेवत होता ते त्यांनी चावडीवर आणले. चावडीवर आणताना बाईला मात्र बऱ्याचदा विनोदाचे सामान केले.

जागेचा प्रश्न 2015 साली परत आला. समीर विद्वांस यांचा ‘डबल सीट’. लालबागची चाळ, अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे हे नवे जोडपे, आणि तीच एकान्ताची मारामार. ‘मुंबईचा जावई’नंतर पंचेचाळीस वर्षे उलटली, खोली तेवढीच. पण मुक्ताची मंजिरी रोह्याहून आलेली आहे, एलआयसीची एजंट आहे, स्वतःचे चार पैसे कमावते, आणि सोसू या म्हणत नाही. तिला स्वतःचे घर हवे आहे. सिनेमा तिला त्याबद्दल स्वार्थी ठरवत नाही, घर फोडायला निघालेली सून म्हणत नाही. आमच्याकडच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’ नावाचा रकाना असतो. पूर्वी तो मुलीचे वडील भरायचे आणि त्यात ‘सुस्वभावी, निर्व्यसनी’ असे दोन शब्द असायचे. आता मुली स्वतः भरतात. ‘वेगळे राहण्याची तयारी’ असे सरळ लिहितात, कोणी ‘स्वयंपाक दोघांनी’ असेही लिहिते. या मंजिऱ्या तुमच्या सिनेमाने घडवल्या असे मी म्हणणार नाही. पण ते वाक्य कागदावर लिहिताना हात थरथरू नये, एवढे बळ त्यांना कुठून तरी मिळाले, आणि त्यात थोडा वाटा तुमचा आहे.

2010 सालच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे ऋण तर आमच्या मंडळाने मान्यच करायला हवे. सतीश राजवाड्यांच्या त्या सिनेमात मुक्ता बर्वे एकटी गाडीत बसून पुण्याला येते, कशासाठी, तर स्थळ नाकारायला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची इतकी नाजूक उलटापालट दुसऱ्या कोणी केलेली नाही. पाहायला मुलाने जायचे आणि नकार कळवायचा तो मुलाकडच्यांनी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज तिने एका तिकिटात निकालात काढला. दिवसभर जो अनोळखी पुणेकर तिच्याशी वाद घालतो तो स्वप्नील जोशी म्हणजेच ते स्थळ, हे शेवटी कळते. म्हणजे काय झाले पाहा. आईवडिलांनी ठरवलेले स्थळ आणि स्वतः निवडलेला माणूस एकच निघाला. घरच्यांचे समाधान झाले आणि मुलीचेही. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला नेमके हेच हवे होते, म्हणून तो सिनेमा इतका चालला. दुसऱ्या भागात लग्नाआधीची धाकधूक, जुना मित्र परत येणे. तिसऱ्या भागात, 2018 साली, अनपेक्षित बाळंतपण. मूल आत्ता हवे की नाही या प्रश्नावर मराठी नवराबायको पडद्यावर वाद घालू लागली, ही साधी गोष्ट नाही.

‘प्रेमाची गोष्ट’ने 2013 साली घटस्फोटितांना पुन्हा प्रेमात पडायची मुभा दिली, तीही रडारड न करता. आमच्याकडे त्या सुमारास घटस्फोटितांचा मेळावा वेगळ्या दिवशी, थोडा गुपचूप व्हायचा. वरुण नार्वेकरांच्या ‘मुरांबा’त, 2017 साली, तर अडथळा नायक स्वतःच होऊन बसला. मुलगी पुढे चालली आहे, आणि त्याला ते पचत नाही. आणि त्याला समजावायला कोण पुढे येते, तर त्याचेच आईवडील. पूर्वी जे प्रेमाच्या आड यायचे तेच आता तुटलेले सांधायला धडपडतात. सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत यांची ती जोडी पाहून मेळाव्याला येणाऱ्या कितीतरी पालकांना मनातल्या मनात मी ‘मुरांबा’ पाहण्याची शिक्षा सुनावली आहे. केदार शिंदे यांनी 2004 साली ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये एका पुरुषाला बायकांच्या मनातले ऐकू यायची सोय केली होती. 2023 साली त्यांनीच ‘बाईपण भारी देवा’ केला, आणि तिथे सहा बहिणींच्या मनातले सांगायला मधल्या पुरुषाची गरज उरली नाही. एवढे अंतर आपण कापले.

इथपर्यंत कौतुक. आता मुद्द्याचे.

या सगळ्या यादीत ब्रह्मचर्य आहे, पैसा आहे, खोली आहे, शहर आहे, करिअर आहे, जुना मित्र आहे, स्वतःचा अहंकार आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या फॉर्ममध्ये जो रकाना सर्वात वर असतो आणि ज्यावरून सर्वात जास्त स्थळे पहिल्याच मिनिटात बाद होतात, तो या यादीत कुठे आहे?

आमचे मंडळ नावाने सर्वजातीय आहे. फॉर्मवर जात, पोटजात, गोत्र, देवक असे सगळे विचारलेले असते, कारण न विचारले तर लोक फोन करून विचारतात. काही वर्षांपासून ‘आंतरजातीय चालेल का’ असाही प्रश्न घातला. बरेच जण ‘चालेल’ लिहितात. पुढे कंस करून दोन-चार शब्द लिहितात. स्थळांच्या जाहिराती वाचणाऱ्यांना ते पाठ असतील: एससी-एसटी क्षमस्व. कंसात क्षमा मागितलेली आहे, एवढा सुसंस्कृतपणा. हे लिहिणारी माणसे वाईट नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांनी ‘मुंबई-पुणे-मुंबई’ तीनही भाग थिएटरात पाहिले असतील. मुलीने नोकरी करावी, वेगळे राहावे, मूल उशिरा व्हावे, हे सगळे त्यांना आता पटलेले आहे. कंस तेवढा राहिला आहे.

आणि तुम्ही काय करता? तुम्ही तो कंस पडद्यावर येऊच देत नाही. तुमच्या गोष्टींत दोघांची आडनावे अशी बेतलेली असतात की अडचण उद्भवू नये. ‘मुंबई-पुणे-मुंबई’च्या पहिल्या भागात तर दोघांना नावेच नाहीत. दुसऱ्या भागात ती देशपांडे निघते, तो प्रधान. भांडण सगळे मुंबई विरुद्ध पुणे. कोणालाही दुखावणार नाही असे भांडण शोधायचे तर याहून चांगले सापडणार नाही. ‘गर्लफ्रेंड’ या सिनेमाचा नायक नचिकेत, तोही प्रधान. तुमच्या प्रेमपटांतली प्रधानांची लोकसंख्या पाहता आमच्या मंडळाकडे त्यांची स्थळे इतकी कमी का येतात, हे एक कोडेच आहे.

‘टाइमपास’ थोडा जवळ जाऊन आला. लेल्यांची प्राजक्ता आणि परबांचा दगडू. 2014 साली त्या सिनेमाने गल्लीगल्लीत धुमाकूळ घातला होता. प्राजक्ताच्या वडिलांचा सगळा राग दगडूच्या भाषेवर, त्याच्या नापास होण्यावर, त्याच्या वस्तीवर. म्हणजे जे म्हणायचे आहे ते सोडून बाकी सगळे. प्रेक्षकांना ते बरोबर कळते आणि कोणी मोठ्याने म्हणत नाही, अशी ती सोय आहे. ही सोय मी रोज पाहते. ‘मुलगा छान आहे हो, पण राहणीमान जुळणार नाही,’ असे मला फोनवर सांगतात तेव्हा राहणीमान या शब्दाखाली काय आहे ते मलाही कळते आणि त्यांनाही.

मग ‘सैराट’ येतो. 29 एप्रिल 2016. तुमच्यातल्या प्रत्येकाने तो पाहिला आहे, तेव्हा मी गोष्ट सांगत बसत नाही. पण एक विचारते: मध्यंतरापर्यंतचा ‘सैराट’ हा मराठीतला सर्वोत्तम विनोदी प्रेमपट आहे की नाही? पाटलाची पोरगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आपल्याला कोण आवडतो ते ती ठरवते आणि पुढाकारही घेते. 1938 च्या किशोरीनंतर असा पुढाकार मी फार कमी वेळा पाहिला. सल्या आणि लंगड्या हे दोस्त आहेत, विहीर आहे, चिठ्ठ्या आहेत, गाणी तर काय सांगावी. प्रेमपटाला लागणारे सगळे सामान नागराज मंजुळेंनी हातचे राखून न ठेवता वापरले. आणि मग, जिथे तुमचा सिनेमा सुरू होतो, म्हणजे दोघे एकत्र राहू लागतात, भांडतात, मिटवतात, घर मांडतात, तिथे त्यांनी आपल्याला दाखवले की या दोघांना शेवट वेगळा आहे: जातीबाहेर संसार मांडला म्हणून खून. शेवटी थिएटरात जी शांतता पसरायची ती मी दोनदा अनुभवली. तो शेवट मंजुळेंनी कल्पनेतून काढलेला नाही. 2013 साली आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, सोनईला, प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांचे खून झाले होते. तीन वर्षेच झाली होती त्याला.

‘सैराट’ने शंभर कोटींच्या वर धंदा केला. तुम्ही मंडळींनी त्यातून काय धडा घेतला? जात दाखवली की माणसे मारावी लागतात, हा. त्यामुळे पुढे जातीचा विषय गंभीर सिनेमाकडे गेला आणि विनोदी प्रेमपट पुन्हा बिनधोक आडनावांकडे परतला. ही वाटणी मला मान्य नाही. ‘सैराट’सारखा शेवट होतो हे खरे. पण दर वर्षी या महाराष्ट्रात किती तरी जोडपी जातीबाहेर लग्न करतात, जिवंत राहतात, पहिली दोन वर्षे कोणी बोलत नाही, मग बाळ होते, मग आजी लपूनछपून दिवाळीचा फराळ पाठवते, मग बारशाला कोण येणार यावरून पुन्हा भांडण. यात रडू आहे तितकेच हसूही आहे. ही माणसे कुठल्याच सिनेमात नाहीत. खून झालेल्यांना गंभीर सिनेमात जागा आहे, देशपांडे-प्रधानांना विनोदी सिनेमात आहे, आणि जातीबाहेर लग्न करून सुखाने भांडणाऱ्यांना कुठेच नाही.

हे जमत नाही असेही नाही. ‘आत्मपॅम्फ्लेट’ पाहा. परेश मोकाशींचे लेखन, आशिष बेंडे यांचे दिग्दर्शन, 2023 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. दलित मुलगा, ब्राह्मण मुलगी, शाळेतले वेडे प्रेम, आणि मागे देशात चाललेली उलथापालथ. जात त्यात दडवलेली नाही, आणि तरी माणूस खुर्चीत लोळून हसतो. त्या सिनेमाने सिद्ध केले की हा विषय मराठीत विनोदाला झेपतो. दोन वर्षांनी रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचे मोठे पारितोषिक मिळाले. तिशीच्या मुलाच्या लग्नाचा तगादा लावणारे नातेवाईक आणि त्याचे दुसऱ्या पुरुषावरचे प्रेम, दोन्ही एका गावच्या घरात. तो विनोदी सिनेमा नाही, पण त्या तगाद्यातली मराठी गंमत त्याने नेमकी पकडली आहे. म्हणजे रस्ता आहे. त्यावर तुमची गाडी कधी येते एवढाच प्रश्न.

तुमची बाजू मला कळते. आडनाव घेतले की कोणीतरी निवेदन घेऊन येणार, ट्रेलर मागे घ्या म्हणणार, पैसे घालणारा घाबरणार. सुट्टीच्या दिवशी लोक हसायला येतात, त्यांना शाळा नको असते. बरोबर आहे, शाळा मलाही नको. भाषण करणारा नायक आला की मी पॉपकॉर्न आणायला उठते. पण ‘ब्रह्मचारी’त अत्र्यांनी भाषण केले नव्हते, भाषण देणाऱ्यांची चेष्टा केली होती. आज चेष्टा करण्याजोगे आमच्या फॉर्ममध्ये इतके काही आहे की ते वाया जाताना पाहवत नाही.

नमुना म्हणून एक गोष्ट देते, फुकट. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावतात आणि 30 दिवस थांबावे लागते. या काळात कोणीही हरकत घेऊ शकतो. कायद्यातली कारणे मोजकी आहेत: आधीचे लग्न अस्तित्वात असणे, वय कमी असणे, नाते फार जवळचे असणे आणि अशीच एक-दोन. जात हे कारण नाही, धर्म हे कारण नाही. ‘आम्हाला पसंत नाही’ हे तर नाहीच नाही. आता कल्पना करा. फलकावर दोन नावे, दोन आडनावे, दोन पत्ते, आणि तीस दिवस. ‘लाखाची गोष्ट’लाही महिन्याचीच मुदत होती. मुलीचा काका रोज सकाळी फिरायला जाताना कार्यालयासमोरून जातो, कारण त्याला कोणीतरी सांगितले आहे की हरकत घेता येते. पण हरकतीचे कारण काय लिहायचे? ‘आमच्यात करत नाहीत’ असे लिहायला कारकून तयार नाही, रकान्यात बसत नाही म्हणतो. काका वकिलाकडे जातो. वकील स्वतःच जातीबाहेर लग्न केलेला. मुलाची आई शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तो फलक झाकायला दुसरी नोटीस घेऊन येते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोघे मिळतात, तिसरा दर आठवड्याला मत बदलतो.

लग्न झाल्यावर दुसरा अंक. सरकार आंतरजातीय लग्नाला प्रोत्साहन म्हणून 50 हजार रुपये देते, एक जण अनुसूचित जाती-जमाती वगैरेंतला असेल तर. त्यासाठी अर्ज करायचा. सोबत जातीचे दाखले जोडायचे, आणि दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रे. जात मागे टाकून आलेल्या दोघांनी आता जात सिद्ध करत तहसील कचेरीत रांगेत उभे राहायचे. आणि गावातली प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो कोण, तर तोच काका. शिफारसपत्रावर सही मागायला जोडपे त्याच्या दारात उभे आहे, काकू आतून चहाचे कप घेऊन येते आहे, आणि काकाला आपल्याला कोणी प्रतिष्ठित म्हटले याचा आनंद लपवता येत नाही. हा प्रसंग अशोक सराफांना द्या. याहून जास्त मी काय सांगावे?

धर्माबाहेरच्या लग्नाचे तर नावच काढायला नको अशी परिस्थिती आहे. 2022 च्या डिसेंबरात राज्य सरकारने अशा लग्नांवर लक्ष ठेवायला समितीही नेमली. तिथे विनोद करायला धाडस लागेल हे मान्य. पण जातीचा तरी विषय घ्या. आंबेडकर आणि फुले यांच्या राज्यात त्याला धाडस लागू नये.

एवढे ऐकलेत तर थोडे आणखी. हा सिनेमा लिहायला घ्याल तेव्हा नाशिकला या. फॉर्म दाखवते, नावे आणि पत्ते झाकून. कंसातले शब्द तेवढे उघडे ठेवते. शिफारसपत्राचा नमुनाही देते, आणि काकाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर मेळाव्याला पहिल्या रांगेत बसवते, तिथे तो दर वेळी असतोच. मोबदला नको. फक्त एक अट आहे. पहिल्याच प्रसंगात दोघांना एकमेकांची पूर्ण नावे सांगायला लावा, आडनावासकट, मोठ्याने, आणि मग कॅमेरा दोघांच्या आयांकडे न्या.

कळावे, लोभ असावा.

नाशिकहून,
तिकीट काढून सिनेमा पाहणारी एक बाई